इतके अशक्त की

इंग्रजीची मला लहानपणापासून भीती वाटते, आणि ती भीती मी लोकांच्या मुलांना इंग्रजी शिकवून झाकली आहे. बेळगावजवळच्या पिरनवाडीतल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत गेली बारा वर्षं मी शिकवणी घेते. पाचवी ते दहावी. भिंतीला टेकवलेला फळा, खाली सतरंजी, पंधरा-सोळा मुलं. मुलं मला टीचर म्हणतात. गल्लीतल्या बायका बँकेचे मेसेज वाचून घ्यायला, फॉर्म भरून घ्यायला माझ्याकडे येतात. माहेरी तर विचारूच नका. निपाणीजवळच्या आमच्या खेड्यात, आमच्या घरात बी.ए.ला इंग्रजी घेतलेली मी पहिली. आप्पा, म्हणजे माझे वडील, तंबाखूच्या शेतात उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "आमची पोरगी बेळगावात इंग्लिश शिकवती."

कुणाला ठाऊक नव्हतं ते एवढंच, की इंग्रजीत कुणी माझ्याशी बोलायला लागलं की माझ्या तळहातांना घाम सुटतो. वाचता येतं. लिहिता येतं. व्याकरण तर झोपेतून उठवून विचारा. पण समोरचा माणूस बोलायला लागला की शब्द एकमेकांना चिकटून येतात. त्यातले ओळखीचे चार-पाच तेवढे मला सापडतात, बाकीचा अर्थ मी अंदाजाने लावते आणि मान हलवते. मान हलवली की समोरच्याला बरं वाटतं, आपलीही सुटका होते.

दहावीच्या व्याकरणात एक प्रकार असतो, वाक्य बदलण्याचा. एखादी गोष्ट किती आहे आणि त्यामुळे पुढे काय झालं, हे सांगायच्या तीन तऱ्हा. 'सो' आणि 'दॅट'ची एक, ऐकायला सारख्या दोन 'टू'ची दुसरी, 'इनफ'ची तिसरी. परीक्षेत हमखास येणारा प्रश्न. मी मुलांना त्याची युक्ती शिकवायचे. पहिला टू काढा, तिथं सो घाला. दुसरा टू काढा, तिथं दॅट घाला, कर्ता घाला, कॅनॉट घाला. 'द टी इज टू हॉट टू ड्रिंक' याचं 'द टी इज सो हॉट दॅट वी कॅनॉट ड्रिंक इट' झालं की दोन गुण खिशात. मुलं एका सुरात म्हणायची, मी फळ्यावर छडी आपटून ताल धरायचे. माझ्या मुलांचे त्या प्रश्नाचे गुण कधी गेले नाहीत.

गेल्या वर्षी ऊसतोडीच्या दिवसांत एका सकाळी धाकट्या भावाचा फोन आला. तो गावाकडे शेती बघतो.

"आक्का, आप्पा पडल्यात."

"कुठं?"

"पाटात पाय घसरला. उठवाया गेलो तर वरडाया लागले. निपाणीत फोटो काढला, खुब्याचं हाड मोडलंय म्हणाले. बेळगावला न्ह्या म्हणत्यात. तू फुडं हो, मी घेऊन येतो."

आप्पांचं वय पंच्याहत्तरच्या पुढे. साखरेचा आजार जुना, रोज सकाळी इन्सुलिनचं इंजेक्शन. मी शिकवणीला सुट्टी दिली, नवऱ्याला कामावर फोन केला आणि दवाखान्यात जाऊन उभी राहिले. ॲम्ब्युलन्समधून आप्पांना उतरवलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघून हसायचा प्रयत्न केला. "तुझ्या शिकवणीचा खोळंबा केला बग," म्हणाले. मला रडू आलं, पण भाऊ आणि आई माझ्याकडेच बघत होते. आता सगळं मी बघायचं होतं. मी शिकलेली.

दोन दिवस तपासण्यांत गेले. तिसऱ्या दिवशी ऑपरेशन करू, असं मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं. भाऊ गावाकडे गेला, जनावरं होती. मी आणि आई राहिलो. रात्री दहानंतर काही खायला-प्यायला देऊ नका, अशी सूचना होती. आम्ही जैन, आणि आप्पांचा नेम असा की सूर्य मावळल्यावर अन्नाला शिवायचं नाही. दवाखान्यातसुद्धा त्यांनी तो मोडला नाही. संध्याकाळी साडेपाचला दीड चपाती आणि भाजी खाल्ली, तेवढीच. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे त्या साडेपाचपासूनचा एकेक तास मला मोजावा लागला.

सकाळी साडेसातला राऊंडवर एक तरुण डॉक्टर बाई आल्या. बाहेरच्या राज्यातून शिकायला आलेल्या, बोलण्यावरून केरळकडच्या असाव्यात. त्यांनी कागद चाळले, आप्पांच्या छातीला स्टेथोस्कोप लावला, दोनदा खोकायला सांगितलं. मग आमच्याकडे वळून विचारलं, "हिंदी समझते हैं?"

आई माझ्याकडे बघत होती. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याची सून बघत होती. मला हिंदी चांगलं कळतं. "हां" एवढं म्हटलं असतं तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. पण माझ्या तोंडून गेलं, "इंग्लिश इज ओके, डॉक्टर."

बाईंचा चेहरा एकदम सैल झाला. त्यांनाही हिंदीचं ओझं होत असावं. त्या भरभर बोलायला लागल्या. "ही इज टू वीक टू बी ऑपरेटेड अपॉन टुडे. हिज सोडियम इज लो, हिज चेस्ट इज नॉट क्लिअर. कंटिन्यू एव्हरीथिंग ॲज युजुअल."

आज मी ही वाक्यं अशी सरळ लिहू शकते, कारण नंतर ती मला पुन्हा ऐकवली गेली. त्या क्षणी माझ्या कानात पडलं ते असं: वीक. ऑपरेटेड. टुडे. सोडियम. चेस्ट. ॲज युजुअल. अशक्त आहेत, छाती बरोबर नाही, पण आज ऑपरेशन, सगळं ठरल्याप्रमाणे. अर्थ व्यवस्थित जुळला. ऑपरेशन आज होणार हे आदल्या दिवसापासून डोक्यात होतंच, त्यामुळे जे ऐकायची तयारी होती तेच ऐकू आलं. मी मान हलवली.

"एनी डाऊट?"

"नो, डॉक्टर."

त्या पुढच्या खाटेकडे गेल्या.

"काय म्हणल्या गं?" आईनं विचारलं.

"आज करणार हाईत. अशक्तपणा हाय म्हणाल्या, पर आजच."

मी जिन्याजवळ जाऊन भावाला फोन केला. वॉर्डात रेंज नव्हती. "लगोलग नीघ," म्हटलं, "आजच ऑपरेशन हाय." मग नवऱ्याला फोन केला, खाली जाऊन एक फॉर्म आणला. वर आले तर आईच्या हातात उप्पिटाची ताटली. ती आप्पांच्या डोक्याखाली उशी सारखी करत होती.

"आई, हे काय?"

"सिस्टर येऊन इंजेक्शन देऊन गेली. पाच मिन्टांत खायला घाला म्हणली."

सिस्टर कानडी बोलणारी, आणि आईला कानडी माझ्यापेक्षा चांगलं येतं. तिचं माहेर चिकोडीकडचं. ऐकण्यात तिची काही चूक झाली नव्हती. मी ताटली तिच्या हातातून काढून घेतली.

"आगं, ऑपरेशन हाय आज. खाल्लं की भूल देताना उलटी हुती. जीवावर बेततंय."

"पर तिनं सांगितलंय न्हवं? मी दोनदा इचारलं."

"तिला म्हायती नसंल. तिची आत्ता ड्युटी लागल्या. डॉक्टरनी मला इंग्लिशमधी सांगितलंय."

 आई खाटेच्या कडेला बसली. आप्पा आमच्या दोघींकडे आळीपाळीने बघत होते.

"बाळ," ते म्हणाले, "वाईच दे की. दोन घास. पोटात कालवाया लागलंय."

"आप्पा, आज न्हाय. थोडा दम काढा."

"बरं. तुला कळतंय ते."

ती ताटली मी शेजारच्या खाटेपाशी बसलेल्या सुनेला दिली. तिनं आनंदानं घेतली.

इंजेक्शन कसलं होतं, हे मी विचारलं नाही. ऑपरेशनच्या आधीचं काहीतरी असेल, असं मनानंच ठरवलं. ते रोजचं इन्सुलिन होतं. ऑपरेशन पुढे गेलं म्हणून, आणि आता नाष्टा मिळणार म्हणून, नेहमीच्या वेळी दिलेलं.

नऊ वाजले. साडेनऊ वाजले. न्यायला कुणी येईना. दाराशी स्ट्रेचरची चाकं वाजली की आम्ही दोघी उठून उभ्या राहायचो, आणि ते स्ट्रेचर दुसरीकडे जायचं. दहाच्या सुमाराला आप्पांचा हात हातात घेतला तर तो थंड आणि ओला होता. कपाळावर घामाचे थेंब. बाहेर थंडी, आणि यांना घाम. मला वाटलं, ऑपरेशनची भीती. मी टॉवेलने तोंड पुसलं, पंखा लावला आणि त्यांना समजावत बसले, की आजकाल हे काही अवघड नसतं, महिन्याभरात काठी घेऊन शेतात जाल. ते ऐकत नव्हते. त्यांची बोटं चादर चिमटीत धरून सोडत होती, धरून सोडत होती, रोपं उपटावीत तशी.

मग ते कानडीत बोलायला लागले.

आमच्या घरात मराठी. आप्पा कानडी बोलायचे ते त्यांच्या आईशी, आणि ती जाऊन तीस वर्षं झाली. "होलक्क होगूणु," ते म्हणाले. शेतात जाऊ या. आवाज लहान मुलानं आईला हाक मारावी तसा. "होलक्क होगूणु, यव्वा." मी म्हटलं, "आप्पा, मी हाय," तर त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि आईला विचारलं, "ही कोण?"

त्यांच्या डोळ्यांत मी नव्हते. ते मी अजून विसरले नाही. मला ओळखत नाहीत म्हणून रागवावं, रडावं, काहीच सुचलं नाही.  मग त्यांची मान एका बाजूला कलली, डोळे अर्धवट उघडे, आणि तोंडातून घशात काही अडकल्यासारखा आवाज यायला लागला.

मी पळाले. नर्सच्या टेबलापाशी जाऊन ओरडले ते मराठीत. "आमच्या आप्पांना बघा, आमच्या आप्पांना बघा," एवढंच पुन्हा पुन्हा. सकाळचीच सिस्टर होती. ती धावत आली, तिनं आप्पांच्या बोटाला सुई टोचली, छोट्या यंत्रावरचा आकडा बघितला आणि माझ्याकडे न बघता दुसऱ्या सिस्टरला काहीतरी आणायला पिटाळलं. मग आईकडे वळली.

"नाष्टा दिला नाही?"

मी आईकडे बघितलं. आईनं माझ्याकडे बघितलं नाही. ती म्हणाली, "न्हाय दिला. चुकलं आमचं."

आमचं म्हणाली.

साखर एकदम उतरली होती. नळीतून ग्लुकोज सोडलं. मी खाटेच्या पायथ्याचा लोखंडी दांडा धरून उभी होते. आपण यांना मारलं. दुसरा कुठलाच विचार डोक्यात येत नव्हता. भाऊ अजून वाटेत आहे. तो येईल आणि विचारेल, काय झालं? मी काय सांगू? की आईनं ताट पुढे केलं होतं आणि मी ओढून घेतलं?

किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. आईनं नंतर सांगितलं, पंधरा-वीस मिनिटं. आप्पांचा घाम हळूहळू आटला. त्यांनी मान सरळ केली, कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली आणि मराठीत म्हणाले, "पाणी."

तेवढ्यात सकाळच्या डॉक्टर बाई आल्या. त्यांना कुणीतरी बोलावलं होतं. त्यांनी आप्पांना तपासलं, मग माझ्यापुढे उभ्या राहिल्या.

"व्हाय वॉज ही फास्टिंग? आय टोल्ड यू. ही इज टू वीक, टू बी ऑपरेटेड अपॉन."

या वेळी त्या सावकाश बोलल्या, प्रत्येक शब्द सुटा. पहिला टू. दुसरा टू. आणि मी ज्या वाक्यावर बारा वर्षं छडी आपटली, ते वाक्य माझ्या समोर आलं. पहिला टू काढा, सो घाला. दुसरा टू काढा, दॅट घाला. कॅनॉट घाला. इतके अशक्त आहेत की ऑपरेशन करता येणार नाही.

आपल्या मराठीत 'नाही' शेवटी येतं, पण येतं. माणूस ते येईपर्यंत वाट बघतो. त्या इंग्रजी वाक्यात 'नाही' कुठेच नव्हतं. ते त्या पहिल्या इवल्याशा टूच्या पोटात होतं. फळ्यावर मी ते रोज बाहेर काढून दाखवत होते, आणि माणसाच्या तोंडून आलं तेव्हा मला ऐकूच आलं नाही. मी टूचा अर्थ घेतला होता 'फार'. फार अशक्त आहेत, ऑपरेशन आज.

"व्हॉट डिड यू अंडरस्टँड?" बाईंनी विचारलं.

"आय थॉट... टुडे," मी म्हटलं. 

त्या रागावतील असं वाटलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं, सिस्टरला सूचना दिल्या आणि जाता जाता मला म्हणाल्या, "समझ में न आए तो पूछना. मैं भी यहाँ रोज पूछती हूँ. कन्नड नहीं आती, मराठी नहीं आती." मग चटकन निघून गेल्या.

साडेअकराला भाऊ आला. चपलांना शेतातला चिखल, धापा टाकत. "किती वाजता न्हेणार?"

"फुडं ढकललंय," मी म्हटलं. "अशक्तपणा लई हाय म्हणून."

आई आप्पांना चमच्याने पेज भरवत होती. तिचा चमचा क्षणभर थांबला, आणि पुन्हा चालू झाला.

त्यानंतरचे चार दिवस मी दवाखान्यात कशी वावरले, ते माझं मलाच नवल वाटतं.  आप्पांना झोप लागली की मी त्यांच्या नाकापुढे बोट धरून बघायचे. त्यांना घाम नाही ना, हे बघायला दर थोड्या वेळानं कपाळाला हात लावायचे, शेवटी ते वैतागले. "ताप न्हाय गं मला. बस जरा." त्यांना त्या सकाळचं काही आठवत नव्हतं. शेतात गेल्याचं स्वप्न पडलं होतं, एवढंच म्हणाले.

खालच्या दुकानातून मी एक छोटी वही आणली. डॉक्टर काही म्हणाले की त्यांना थांबवायचे. "वन मिनिट, डॉक्टर." वाक्य लिहायचे आणि त्यांना विचारायचे, याचा अर्थ हो का नाही? पहिल्या दिवशी त्या तरुण बाई म्हणाल्या, आप्पांना अजून उठून बसण्याइतकी ताकद नाही. ते त्यांनी 'इनफ' लावून सांगितलं. नॉट स्ट्राँग इनफ टू सिट. यात 'नॉट' होता, ढळढळीत होता, तरीही मी विचारलं.

"मीन्स नो?"

"मीन्स नो."

"नो सिटिंग?"

"नो सिटिंग."

शेजारच्या खाटेपाशी बसलेली सून तोंडाला पदर लावून हसली. हसू दे. बारा वर्षं टीचर म्हणवून घेतलेल्या बाईला पहिलीतल्या पोरासारखं विचारताना लाज वाटायला हवी होती. पण भीती एवढी मोठी होती की लाजेला जागाच उरली नव्हती.

पाचव्या दिवशी सकाळी बाई म्हणाल्या, "ही इज फिट इनफ टू बी ऑपरेटेड अपॉन नाऊ."

पेनाला लागलेला तळहाताचा घाम पुसत मी विचारलं, "मीन्स येस?"

"येस."

"टुडे?"

"टुडे."

"नो फूड?"

"नो फूड. नो इन्सुलिन." आणि मग मी काही विचारायच्या आत त्या स्वतःच हिंदीत सगळं परत एकदा सांगायला लागल्या. मी ते आईला मराठीत सांगितलं, आईनं ते सिस्टरला कानडीत विचारून खात्री करून घेतली. सिस्टर हो म्हणाली तेव्हा कुठे आम्ही तिघींनी एकमेकींकडे बघून मान हलवली.

ऑपरेशन अडीच तास चाललं. भाऊ येरझाऱ्या घालत होता, आई डोळे मिटून णमोकार मंत्र म्हणत होती. मी बंद दाराकडे बघत बसले. आप्पा आत जाताना मला म्हणाले होते, "तू हाईस म्हणून मला काळजी न्हाय." तिथून उठून पळून जावंसं वाटत होतं.

आप्पा बरे झाले. हाड बसलं, छाती साफ झाली, दहाव्या दिवशी घरी सोडलं. गाडीत मागे आई आणि आप्पा, पुढे भाऊ आणि मी. संकेश्वरच्या अलीकडे आप्पांना लघवीला उतरवायला गाडी थांबवली. वॉकर धरून ते एका झाडापर्यंत गेले, आई सोबत. आम्ही दोघं गाडीला टेकून उभे होतो. भाऊ म्हणाला, "आक्का, तू हुतीस म्हणून निभावलं बग. मला तर त्या बाईचं एक अक्षर कळलं न्हाय."

मला ते सहन झालं नाही. मी सगळं सांगितलं. ताटली, इंजेक्शन, कानडी, सगळं. रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर जात होते, त्यांच्या आवाजात मला दोनदा थांबावं लागलं.

भाऊ माझ्याकडे वळला.

"आई सांगत हुती न्हवं तुला?"

"व्हय."

"आणि तू म्हणालीस इंग्लिशमधी सांगितलंय."

"व्हय."

"आणि मला फुडं ढकललंय म्हणालीस."

"व्हय रं."

तो गाडीत जाऊन बसला.  त्यानंतर तीन महिने त्याचा फोन आला नाही. मी फोन केला की वहिनी, म्हणजे त्याची बायको, घ्यायची आणि आप्पांची तब्येत सांगून ठेवून द्यायची. मी आईला म्हटलं, "तूच सांगायला पायजे हुतं त्याला. माझ्याकडनं कळण्यापेक्षा." आई म्हणाली, "काय सांगू? त्यो बी माझाच आणि तू बी माझीच. आणि त्या दिवशी मी तरी ताट घट्ट कुठं धरलं?"

शिकवणी मी महिन्याभराने सुरू केली. पहिले काही दिवस तो धडा टाळला. मग दहावीची परीक्षा जवळ आली, टाळता येईना. फळ्यावर चहाचं वाक्य लिहिलं, आणि एका मुलीनं युक्ती म्हणायला तोंड उघडलं तर मी तिला थांबवलं. "आधी मराठीत सांग. चहा प्यायचा का न्हाय प्यायचा?" ती गोंधळली. अर्धी मुलं म्हणाली प्यायचा. अर्धी म्हणाली नाही. आणि युक्ती सगळ्यांना पाठ होती. मी खुर्चीवर बसले. माझ्या हाताखालून गेलेली कितीतरी मुलं आज कुठे कुठे कामाला असतील. त्यांच्यापुढे कोण डॉक्टर, कोण साहेब काय काय बोलत असेल, आणि ती कशी मान हलवत असतील, याचा मी विचार करत राहिले. त्या दिवशी आम्ही एकही वाक्य वहीत लिहिलं नाही. मी तोंडाने भरभर बोलायची, आणि त्यांनी फक्त हो का नाही एवढं सांगायचं. पालकांपैकी एकानं तक्रार केली, टीचर आता लिहून देत नाहीत. खरं होतं.

उन्हाळ्यात एका दुपारी भावाचा फोन आला. आवाज कोरडा.

"आक्का, हिच्या गळ्याला गाठ आल्या. चिकोडीत दाखवलंय, तपासायला बोलीवलंय उद्या. तू येशील काय?"

"मी?" मी विचारलं. "अरं, मला न्हाय येत तेवढं इंग्लिश. तुला म्हायती हाय."

"म्हायती हाय. पर तू इचारतीस. आमी दोघं नुसतं व्हय व्हय म्हणून येताव."

पहाटेच्या बसनं मी चिकोडीला गेले. भाऊ स्टँडवर न्यायला आला होता. त्यानं माझ्या हातातली पिशवी घेतली. डॉक्टरांच्या केबिनबाहेर वहिनीशेजारी बसून मी वही काढून हातात धरली. आत गेलो. डॉक्टर वयस्कर होते आणि इतकं स्वच्छ मराठी बोलत होते की लहान पोरालासुद्धा समजावं. गाठ लहान आहे, म्हणाले, भिण्यासारखं काही दिसत नाही, तरी एक तपासणी करून घेऊ.

"म्हणजे करायची?" मी विचारलं.

"करायची."

"उपाशी पोटी, का खाऊन?"

"खाऊन चालेल."

"चालेल म्हणजे खायचंच, का नाही खाल्लं तरी चालेल?"

डॉक्टरांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. वहिनीनं लाजून मान खाली घातली. भाऊ भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होता.

"खायचं," डॉक्टर म्हणाले. "पोटभर खाऊन यायचं."

बाहेर आल्यावर आम्ही तिघं समोरच्या हॉटेलात गेलो आणि वहिनीला इडली मागवली.